मध्यस्थ बदलण्याचं कारण

"आत या, पण हात पुढे करूनच या!"

दारात उभ्या असलेल्या माणसाचं असं स्वागत आजवर कुणी केलं नसावं. तो गोंधळला. पण ती तरी काय करणार? दुरुस्तीला आलेल्या एका चेलोची, म्हणजे व्हायोलिनच्या त्या धिप्पाड थोरल्या भावाची, एक पट्टी तिने नुकतीच सरसाने चिकटवली होती. दोन्ही हात तिथे अडकलेले आणि क्लॅम्प नेमका टेबलाच्या पलीकडच्या टोकाला!

"इथे धरा. घट्ट. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

त्याने ओली छत्री भिंतीला टेकवली, बॅग खाली ठेवली आणि निमूटपणे पट्टी धरली. बोटांना बोटं लागली… दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

"कंटाळलात तर सांगा," ती क्लॅम्प आणत म्हणाली.

"छे! थांबण्याचाच तर पगार घेतो मी."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की हा एस्क्रोवाला, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा. बाबांनी केलेला शेवटचा चेलो ती समुद्रापलीकडच्या एका वादकाला विकत होती. दोघांची ना ओळख ना देख, म्हणून मधे याची कंपनी. पट्टी धरल्या धरल्याच त्याने सगळं समजावलं. वादक पैसे ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे सगळ्यांसमोर उघड्या असलेल्या डिजिटल खतावणीतल्या, एका खात्यात कुलूपबंद करणार. किल्ल्या तीन — एक वादकाची, एक तिची, एक मध्यस्थाची, म्हणजे त्याची. कुठल्याही दोन एकत्र आल्या की कुलूप उघडतं. नाहीतर महिनाअखेरपर्यंत कुणाची तक्रार आली नाही, की ते आपोआप उघडतं आणि पैसे तिला मिळतात.

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत एकट्याने हात लावायचा नाही. मीसुद्धा."

"म्हणजे तुम्ही धनावर बसलेले नागोबा!"

"फणा काढत नाही, एवढंच," तो हसला. हसताना डावीकडची भुवई जरा वर जायची. हे तिने का टिपून ठेवावं, ते तिचं तिलाच ठाऊक.

बाबांचा चेलो विकणं तिच्या जिवावर आलं होतं. पण ज्या खोलीत बाबांनी जन्म काढला, ती खोलीच मालकाने विकायला काढली होती. पहिला हक्क तुझा, म्हणाला बिचारा, पण फार दिवस थांबता येणार नाही. चेलोचे पैसे आले तर खोली तिची. नाहीतर टेबल, हत्यारं, उत्तरेच्या खिडकीतला तो शांत उजेड — सगळ्यावर पाणी सोडायचं.

चेलो बोटीने रवाना झाला. नागोबा मात्र येत राहिले. एकदा तिच्या फोनमध्ये किल्ली बसवायला, एकदा ती विसरलेला पासवर्ड पुन्हा लावून द्यायला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कारण सांगायला तो दारातच अडखळला, आणि तिनेही ते विचारलं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

"या कुलपाला भारीच तेलपाणी लागतं गं," आई म्हणाली. तिने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

…आणि महिना संपत आला असताना तक्रार आली.

वादकाने ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. खालच्या एका स्वरावर चेलो घरघरत होता. तिने पुन्हा पुन्हा ऐकलं. तिकडची हवा कोरडी, लाकूड आक्रसलं असेल, बसायला वेळ लागेल… हे सगळं खरं. पण घरघरही खरी. वादकाला पैसे परत हवे होते.

आता एक किल्ली त्या बाजूला, एक या बाजूला. उरली त्याची.

तो भेटायला आला तेव्हा तिने थट्टेचा सूर लावायचा प्रयत्न केला. "तुझी एक, माझी एक… दोन झाल्या की. फिरव ना."

त्याचा चेहरा उतरला. "मला असं विचारू नकोस," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. तिला लाज वाटली, रागही आला. नियमांचा पुतळा नुसता! पुतळ्यात का जीव गुंतवावा माणसाने?

दुसऱ्या दिवशी फोनवर सूचना झळकली.

'मध्यस्थाने पद सोडण्याची विनंती केली आहे. कारण — विक्रेतीबाबत मी निःपक्ष राहू शकत नाही. माझं तिच्यावर प्रेम आहे. हा बदल उद्या संध्याकाळी लागू होईल. तोपर्यंत दोन्ही पक्षांना हरकत घेता येईल.'

तिने त्याला फोन लावला.

"काय लिहून बसलायस? हे सगळ्या जगाला दिसतं ना?"

"दिसतं."

"खोड आधी!"

"खोडता येत नाही. म्हणून तर लोक त्यावर भरवसा ठेवतात."

"अरे, पण मला आधी सांगायचं होतंस!"

"किल्ली हातात असताना सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, हा काहीतरी मागतोय… किंवा देतोय."

"आणि मी हरकत घेतली तर?"

"तर किल्ली माझ्याकडेच राहील. मग मी ती कुणाच्या बाजूने फिरवेन, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही."

"नाही घेतली तर?"

"तर ती आमच्या कंपनीतल्या मॅडमकडे जाईल. त्या सख्ख्या भावालाही सवलत देत नाहीत."

तासाभरात वादकाचं उत्तर नोंदलं गेलं — 'माझी हरकत नाही. शुभेच्छा.' तशाही मनःस्थितीत तिला हसू फुटलं.

पण तिचं काय? एक बोट टेकवायचं, की खोली तिची. तिने टेबलावरून हात फिरवला. बाबांच्या कोपराने झिजलेली जागा हाताला लागली आणि तिला भडभडून आलं.

आईला तिने सगळं सांगितलं. आईने फार विचार केला नाही. "तुला तो हवाय, की तुझ्या बाजूने निकाल देणारा मध्यस्थ हवाय? दोन्ही एका माणसात मिळायचे नाहीत."

संध्याकाळ झाली. तिने हरकत घेतली नाही.

मॅडमनी ध्वनिमुद्रण ऐकलं, दोघांना प्रश्न विचारले आणि निकाल दिला. दोष कुणाचाच नाही, पण तक्रार खरी. चेलो इकडे, पैसे तिकडे.

खोली गेली. तिथे आता चपलांचं दुकान होणार होतं. सामान आईच्या पडवीत हलवायचं ठरलं, तेव्हा तो बोलावल्याशिवायच आला आणि दारात उभा राहिला.

"वाईट वाटतंय?"

"रडून रडून डोळे सुजलेत, दिसत नाही?"

"हरकत घेतली असतीस, तर ही खोली…"

"मिळाली असती," ती म्हणाली. "आणि मग तू कधीही गोड बोललास, की माझ्या मनात आलं असतं, याची किंमत मी आधीच वसूल केलीय. खोलीसाठी मी पुन्हा रडेन रे. पण तसं जगायचं नव्हतं मला."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आता बोल की. सगळ्या जगाने वाचलं, पण मी अजून ऐकलेलं नाही."

"माझं…" तो अडखळला. भुवई वर गेली, खाली आली. "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"माझंही," ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिने त्याला टेबलाचं दुसरं टोक उचलायला लावलं.