डावीकडून तिसरी डिस्क

"पाच वाजता मला कामावरून काढणार आहेत," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. तिचं रडून झालं होतं. आता ती नुसती दमलेली होती.

चार जिने चढून भावोजींचे गुडघे बोलू लागले होते. वहिनींच्या तपासात गाडी चालवणं आणि पिशवी धरणं एवढंच त्यांच्याकडे असे. जिने कुणी हिशोबात धरत नसे.

बांधकामाचं साहित्य तपासणारी ही प्रयोगशाळा. नव्या पुलाच्या काँक्रीटची सगळी मोजमापं सर्व्हरमध्ये होती. सकाळी त्याच्या आठ डिस्कपैकी शेवटची बिघडली.

"ती काढून मी नवी बसवली," मुलगी म्हणाली. "बाकीच्या सात मिळून नवीवर माहिती पुन्हा लिहितात. त्याला चार तास लागतात. तेवढ्यात आणखी एक निघाली, तर सगळंच बुडालं. मी जुनी डिस्क ठेवायला भांडारात गेले. परत येते तो पडद्यावर, 'डिस्क क्रमांक दोन काढली.' मी हातसुद्धा लावला नव्हता हो!"

"भांडारात कुणी होतं?" वहिनींनी विचारलं.

"चिटपाखरू नव्हतं."

सर्व्हरच्या खोलीच्या दारातच भावोजींच्या तोंडावर गरम वारा आला. समोर पंखे आणि वायरींचं जंजाळ.

"गुडघे शेकायला झकास जागा!"

वहिनी न हसता यंत्राला वळसा घालून भिंतीलगतच्या फटीत अंग चोरून शिरल्या. डिस्क तिकडच्या, थंड बाजूला होत्या.

मग काँक्रीटचे ठोकळे फोडून पाहणारे काका आले, हात सिमेंटने पांढरे.

"मला त्यातलं काय कळतंय, ताई? पडद्यावर वाचलं, दोन नंबरची निघाली. म्हणजे डावीकडून दुसरी. पण पुलाचे ठोकळे कच्चे निघालेत, हे मीच साहेबांच्या कानावर घातलं होतं. अहवाल उद्या जायचा होता."

व्यवस्थापक घड्याळ बघतच आले. "मी दारात उभा होतो. हिनं डावीकडून तिसरी ओढली आणि घाईनं परत ढकलली. या डोळ्यांनी पाहिलं."

"एक म्हणतो दुसरी, एक म्हणतो तिसरी," भावोजी कुजबुजले. "वहिनी, म्हातारा घोळ घालतोय."

"भावोजी, जरा दारात उभे राहा. काय दिसतं?"

"वायरी."

"डिस्क?"

"...नाही दिसत."

वहिनी स्टुलावर टेकल्या. "यंत्र शून्यापासून मोजतं. त्याची दोन नंबरची म्हणजे डावीकडून तिसरी. नुसता पडदा वाचणारा दुसरीच म्हणणार. काका तेच म्हणाले. साहेबांनी बरोबर तिसरी सांगितली, आणि तीही डोळ्यांनी पाहिली म्हणून. दारातून यंत्राची पाठ दिसते, तोंड नाही. तोंड पाहायचं तर त्या फटीत शिरायला हवं, आणि तिथं एकच माणूस मावतो. तुम्ही ती डिस्क निघताना पाहिलीत ना, साहेब? मग फटीत तुम्ही होतात. ही नव्हती."

व्यवस्थापकांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं. "वरून रोज फोन येत होते," ते म्हणाले. "पुलाची तारीख ठरली होती."

"पुलावरून माणसं जाणार होती," वहिनी म्हणाल्या. आवाजात रागावण्याइतकंही बळ नव्हतं.

"मोजमापं परत मिळतात का बघते," मुलगी म्हणाली.

"नाही मिळाली तर त्याच खेपेचे सहा ठोकळे पाण्याच्या टाकीत आहेत," काका म्हणाले. "उद्या फोडतो, तुमच्या देखत."

मुलगी फटीत शिरली. आतून तिचा आवाज आला, "शून्य... एक... दोन."

उतरताना भावोजींनी पहिली पायरी शून्य धरली. गुडघ्यांना काही फरक पडला नाही.