टाळ्यांच्या कड्यात

डेन्मार्कमधल्या एरो बेटाच्या धक्क्याला बोट लागली आणि भुरभुर पावसात एक तरुण चार पेट्या ओढत उतरला. एका पेटीचं चाक फळीच्या फटीत अडकलं. मागून कुणीतरी ती अलगद उचलून पुढे ठेवली.

"लग्नाला आलास की बिऱ्हाड घेऊन?" त्या मुलीनं विचारलं.

"फोटो काढायला. मी व्हिलास... कोपनहेगनहून."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. ती ट्यूरा, बेटावरचीच फोटोवाली. तिच्या गळ्यात एकच जुना कॅमेरा, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. हॉटेलवाल्या बोडिलनं आजच्या लग्नाला दोघांनाही बोलावलं होतं. ज्याचा फोटो सरस, त्याला हॉटेलातली उन्हाळाभराची लग्नं. ती हातची गेली तर ट्यूराला बेट सोडून शहरात पोट भरावं लागणार होतं.

"या एवढ्याशा कॅमेऱ्यावर लग्नाचे फोटो काढणार?"

"चूल नवी आणली म्हणून स्वयंपाक येतो का रे?"

"आणि जुनी पेटलीच नाही तर?"

ट्यूरा फणकाऱ्यानं हॉटेलकडे चालू लागली. त्याचा इतका राग आला, की वाटेत तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा तो तिच्याकडेच बघत होता... मेला.

हॉटेलच्या दिवाणखान्यात लग्नाची जेवणं उरकली आणि वॉल्ट्झ नाचाची धून लागली. नवरानवरी मधोमध नाचू लागली, की पाहुण्यांनी भोवती कडं धरायचं आणि टाळ्या वाजवत एकेक पाऊल आत सरकायचं, दोघांना हलायला जागा उरेनाशी होईपर्यंत. ट्यूरा आधीच कड्याच्या आत शिरली. व्हिलासलाही रीत ठाऊक होती, पण आयुष्य जाहिरातींसाठी घड्याळांचे आणि खुर्च्यांचे फोटो काढण्यात गेलेलं. माणसं जागची हलतात हेच तो विसरला होता. लांबून टिपू म्हणून हातभर लांब भिंग लावून तो खुर्चीवर चढला. कडं आवळलं आणि त्याला दिसली नुसती टकलं.

आत नवरीनं नवऱ्याच्या हनुवटीला कपाळ टेकलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ट्यूरानं बटण दाबलं. एकदा, दोनदा... कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता काळा चिखल. पावसानं दिवाणखाना अंधारला होता आणि मेणबत्त्यांचा उजेड तिच्या जुन्या कॅमेऱ्याला पुरेना. तिनं मान वर केली.

टकलांवरून व्हिलासनं ट्यूराचे ते हताश डोळे पाहिले. क्षणभर तो थांबला. मग त्यानं खांद्यावरचा दुसरा, आखूड भिंगाचा कॅमेरा पुढच्या माणसाच्या हातात दिला.

"तिला द्या. पुढे... पुढे द्या."

हातोहात कॅमेरा आत पोचला.

"कुठलं बटण?" ती ओरडली.

"वरचं. बाकी तुला येतंच."

ट्यूरानं एकदाच दाबलं.

नाच संपल्यावर बोडिलनं तो फोटो मोठा करून पाहिला. "कुणी काढला?"

कॅमेरा त्याचा होता. तो ‘मी’ म्हणाला असता, तरी कुणी पुढे काही विचारलं नसतं.

"तिनं," व्हिलास म्हणाला. "माझ्याकडे सव्वीस टकलं आहेत, हवीत तर."

"पण माझा कॅमेरा आंधळा झाला होता, बोडिल," ट्यूरा म्हणाली. "यानं दिला म्हणून..."

"तुमचं तुम्ही निस्तरा. उन्हाळ्याची लग्नं तुझी," म्हणत बोडिल पाहुण्यांना कॉफी द्यायला गेली.

व्हिलास पेट्या भरू लागला.

"कुठे निघालास?"

"बोटीकडे. काम तर तुला मिळालं."

"मिळालं." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "पण बेटावरच्या सगळ्यांचे फोटो मी काढते. माझा आजवर कुणी काढला नाही."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. पण बटण काही दाबलं नाही.

"काय झालं?"

"यातून तू... फार लांब दिसतेस."

"मग ठेव तो खाली," ट्यूरा हळूच म्हणाली. "आणि नुसता बघ."

त्यानं ठेवला. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.