सव्वानऊ ते साडेतीन

मी आजवर एकही शेअर विकत घेतलेला नाही. बघते मात्र रोज. बी.कॉम.ला असताना लागलेली सवय. तेजू झाल्यावर नोकरी सुटली, सवय राहिली. युवराज उद्यमबागला कामावर गेले की तेजूला मांडीवर घ्यायचं, एका हाताने घास भरवायचा आणि दुसऱ्या हातात मोबाइल.

वॉचलिस्ट म्हणजे नुसती यादी. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते शेअर एकाखाली एक लावायचे. वाढला की आकडा हिरवा, पडला की तांबडा. ओळीवर अंगठा दाबून धरला की ती उचलली जाते, वर-खाली सरकवता येते. दोन ओळी निवडल्या तर दोघांची चाल एकाच आलेखावर दिसते. त्यात पैसे लागत नाहीत, बुडतही नाहीत. माझ्यासारख्या भित्रीला तेच बरं.

यादीला नाव द्यावं लागतं. सिमेंट, साखर, बँक असे पाच शेअर लावले होते. नाव सुचेना. मांडीवर तेजस्वी होती, म्हणून 'तेजू' लिहिलं.

आम्ही अनगोळात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकांचं धान्याचं दुकान. घरमालकीण राजमती आक्का मूळच्या निपाणीच्या. दुकानात गल्ल्यावर त्यांची सून त्रिशला बसते. तिचा अभि आमच्या तेजूपेक्षा एका महिन्याने मोठा. दिवाळीनंतर तो फार खंगला होता. खाल्लेलं अंगालाच लागत नव्हतं. त्या दिवसांत त्रिशला एकदा म्हणाली, "वैनी, मोबाइलात काय बघत बसताय सारखं? आम्हालाबी शिकवा की. गिऱ्हाईक नसलं की माशा मारत बसतो हितं."

"पैसे लावणार?"

"छे वो! नुसतं बघणार. बघायला काय जातंय?"

मी तिच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं, ओळी कशा सरकवायच्या ते दाखवलं. यादीचं नाव 'अभि' ठेवलं. दोघी हसलो.

जानेवारी संपता संपता अभि सुधारला. गाल वर आले. मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, कारण तोवर तेजू त्याच्यापेक्षा अंगाने भरलेली होती आणि मला ते आवडायचं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी यादीत सहावी ओळ दिसली. नाव नव्हतं. नुसता आकडा. ८.३५, तांबडा.

बोट चुकून कुठेतरी लागलं असेल, असं वाटलं. दुपारी तेजूला घेऊन दुकानात गेले. पंधरा दिवसांतून एकदा मी तिला धान्याच्या काट्यावर बसवायची. आक्कांना ते अजिबात खपायचं नाही. "लेकरू काय जोंधळं हाय व्हय, काट्यावर घालाया? मोजू नये गं बाई." मी हसून सोडून द्यायची. काट्यावरचे लाल आकडे थरथरले आणि थांबले.

८.३५०.

मागच्या वेळी ८.६०० होतं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ८.३१. काट्यावरही तेच. गुरुवारी ८.२६. मी वहीत दोन रकाने आखले, तारीख आणि वेळ लिहायला लागले. आठवड्याने रकाने नीट वाचले. तेजू सकाळी छान खेळायची. सव्वानऊ वाजले, बाजार उघडला, की घास तोंडात तसाच धरून ठेवायची. अंग कोमट व्हायचं. साडेतीनला बाजार बंद झाला की हळूहळू माणसात यायची. शनिवार-रविवार पोटभर जेवायची. शिवरात्र बुधवारी आली, बाजाराला सुट्टी होती. त्या दिवशी तिने दोन वाट्या दहीभात खाल्ला आणि आणखी मागितला.

खासबागच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, भुकेचं औषध लिहून दिलं. "रिपोर्टमध्ये काहीच सापडत नाही," ते चष्मा काढत म्हणाले. "पण साडेसातच्या खाली गेली तर मात्र अ‍ॅडमिट करावं लागेल."

युवराजनी त्या दिवशी रजा टाकली होती. घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर वही ठेवली, मोबाइल ठेवला. त्यांनी ती ओळ पाहिली.

"असला पडका शेअर कशाला ठेवलाईस? रोज पडतोय म्हणून रोज रडतीस. काढून टाक." आणि त्यांनीच ओळ डावीकडे सरकवली. काढायचं का, असं अ‍ॅपने विचारलं.

तेजू खाली चटईवर रडत होती. तिचं रडणं मध्येच तुटलं. तोंड उघडंच, पण आवाज नाही. श्वास नाही. डोळे माझ्यावर रोखलेले. ओठांच्या कडा जांभळ्या.

मी मोबाइल हिसकावला आणि 'नाही' दाबलं.

तिने श्वास ओढला.

"ठसका लागला असंल," युवराज म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी माझ्या मोबाइलला हात लावला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गुरुवारी आकडा ७.५२ वर आला. मी ओळीवर बोट ठेवलं. तुलना करा, असं आलं, आणि तिच्या वर आणखी एक बिननावाची ओळ उमटली. १०.४०. हिरवी.

दहा चाळीस कुणाचं वजन होतं ते मला माहीत होतं. आदल्याच दिवशी त्रिशलाने आक्कांच्या नकळत अभिला त्या काट्यावर बसवलेलं मी बघितलं होतं.

आलेखावर दोन रेघा होत्या. दिवाळीपासून त्याची उतरत आलेली, तेजूची चढत. जानेवारीअखेर एका सकाळी दोन्ही वळल्या होत्या. पुढे त्याची चढत गेली, तेजूची उतरत. मी ती तारीख बघत राहिले. त्या सुमारास मी कुणाला काय शिकवलं होतं, ते मनात येऊ दिलं नाही.

त्याची ओळ वर होती. तेजूची खाली.

अभि मला बघितलं की हात पसरतो. माझ्या बांगड्यांशी खेळतो.

यादीतल्या ओळींचा क्रम बदलणं हा काही गुन्हा नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. अंगठा दाबून धरला. तेजूची ओळ उचलली गेली. एक घर वर घेतली.

"मंमं," तेजू म्हणाली.

शुक्रवारी ७.६१. हिरवा. संध्याकाळपर्यंत तिने मऊ भाताची वाटी संपवली, रिकामी वाटी डोक्यावर घातली. युवराज कितीतरी दिवसांनी हसले. "बघ, डॉक्टरचं औषध लागू पडलं."

खालून अभिचं किरकिरणं येत होतं. मी खिडकी लावून घेतली.

शनिवारी आक्कांनी हाक मारली म्हणून खाली जावं लागलं. त्यांनी मीठ-मिरच्या अभिवरून उतरवल्या, चुलीत टाकल्या. मिरच्या तडतडल्या. धूर झाला. ठसका घरातल्या कुणालाच आला नाही.

"नजरच हाय ही," आक्का म्हणाल्या. "कुणाची तरी लई वंगाळ नजर."

मी ओढणी तोंडाला लावून बाहेर आले. मला एकटीला ठसका येत होता.

रविवारी साबण आणायला गेले तर गल्ल्यावर त्रिशला. मांडीवर अभि, बाजार बंद असूनही मान टाकून. त्याने माझ्याकडे हात पसरले नाहीत. त्रिशला पदराने मोबाइलची काच पुसत होती. एकच जागा, पुन्हा पुन्हा.

"तेजू जेवायला लागली म्हणं," ती म्हणाली.

"हो. जरा बरी आहे."

"आमचा बघा की." तिने अभिच्या केसांतून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. "वैनी, उद्या बाजार कितीला उघडतंय?"

"सव्वानऊला."

"व्हय, ठाऊक हाय. आम्ही नऊलाच बसतो."

मी सुटे पैसे न घेताच जिना चढले.

सोमवारी युवराज गेल्यावर दाराला कडी लावली. तेजूला समोर बसवलं, तिच्या ताटलीत भात कालवला. नऊ वाजता मोबाइल घेतला. तिची ओळ वर होती. तिच्यावर अंगठा दाबून धरला. काही झालं तरी काढायचा नाही.

तेजूने पहिला घास घेतला. मिटक्या मारल्या.

नऊ तेरा.

नऊ चौदा.

खाली दुकानाचं शटर उघडं होतं, पण गिऱ्हाइकाचा आवाज नव्हता. काट्याचा नव्हता. कुणी बोलत नव्हतं.

सव्वानऊ.

अंगठ्याखाली काहीतरी हललं. मी जोर लावला. नख पांढरं पडलं. ओळ अंगठ्याखालून सरकली, सावकाश, कुणीतरी दुसरीकडून धरून ओढावी तशी. एक घर खाली गेली. मी ती वर घेतली. ती पुन्हा खाली गेली.

खालून वाटीवर चमचा वाजला. अभि हसला.

मी काचेवरून नजर काढली नाही. काढता येत नव्हती. माझा डावा हात तेजूसमोर तसाच पसरलेला होता, भाताने माखलेला. त्या तळहातावर काहीतरी ओलं, मऊ आलं.

तेजूने तोंडातला घास काढून माझ्या हातावर ठेवला होता. तिने तो चावलाही नव्हता.