आठवडाभराची शेजारीण

दुपारच्या चहाची घंटा हेमांगीला ऐकू आली नाही. आजूबाजूच्या खुर्च्या हलल्या तेव्हा तिला कळलं. ती उठायला गेली, तशी गुडघ्यांनी आधी नकार दिला आणि मग ते सावकाश सरळ झाले.

गुडघे तिचेच होते, ऐन चाळिशीतले. नकार वार्धक्यवेशाचा होता. कातडीइतका पातळ असलेला हा वेश सांध्यांवर आखडत जाई आणि बोटांची पकड सैल करी. कानांतले दोन मणी बारीक आवाज गिळून टाकत. डोळ्यांतल्या भिंगांतून सगळं फिक्या चहाच्या रंगाचं दिसे. चेहऱ्यावर चढवलेल्या सुरकुत्या घामानेही सुटत नसत.

वृद्धनिवास चालवण्याचा परवाना हवा असेल, तर लेखी परीक्षेनंतर एका परक्या निवासात रहिवासी म्हणून आठवडा काढायचा, असा आता नियम होता. उमेदवार कोण, हे तिथे कोणालाच सांगत नसत. पूर्वी सांगत, तेव्हा त्याच्या ताटात रोज शिरा पडायचा. आता एकाने जरी ओळखलं तरी परीक्षा रद्द, आणि पुन्हा बसायचं तर दोन वर्षांनी.

हेमांगीला तेवढा वेळ नव्हता. फलटणच्या ज्या निवासात तिची आई वारली, तिथल्या संचालिका निवृत्त झाल्या होत्या. आई गेल्यावरही हेमांगी तिथे जात राहिली. दुसरीकडे जावं असं घर उरलं नव्हतं. परवाना असलेलं कोणी मिळालं नाही, तर दिवाळीनंतर तिथे कुलूप लागणार होतं. आईच्या शेजारच्या पलंगावरच्या काकूंनी एकदा विचारलं, "मग मला कुठे टाकतील गं?" म्हणून ती नागपूरला, 'प्रभाताई' होऊन आली होती.

पहिले दोन दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही. मदतनीस हसतमुख होते, पण तिला बटण लावायला जितका वेळ लागे तितका त्यांच्याकडे नसे; ते पटकन लावून देत आणि पुढे जात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या कुमुदिनी ढोमणे खुर्ची ओढत व्हरांड्यात आल्या. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेलेला, आवाज अजून खणखणीत.

"काय प्रभाताई, तोंडात मूग धरून बसल्या काय?"

तेव्हापासून दोघी रोज बसू लागल्या. ट्रंक कॉलवर कोण कोणावर ओरडायचं, मुलगा कॅनडातून कसा फक्त हवामान विचारतो, हे कुमुदिनीबाई सांगत आणि हेमांगी ऐके. आई गेल्यापासून इतका वेळ तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता कुमुदिनीबाई म्हणाल्या, "गुरुवारी माझा डोळा कापणार हाये. तुम्ही बसाल न बाहेर? ओळखीचं माणूस असलं की बरं वाटते."

हो म्हणणं सोपं होतं. हेमांगीने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "तुम्हाला एक सांगायचं होतं. मी खरं म्हणजे–"

"सांगू नको पोरी."

हेमांगीने व्हरांड्यात कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"आपण बसलो त्या पहिल्याच दिवशी समजलं मले. खरी म्हातारी दुसऱ्याचं कधी ऐकते का? मी गुडघा म्हटलं की ती कंबर म्हणते. तू आपली विचारतेस, 'मग काय झालं?'" त्या हसल्या. "डोळ्याचं मी सगळ्यांनाच विचारते. साऱ्या हो म्हणतात. तू पहिली, जिला खोटं हो म्हणणं जमलं नाही."

"सगळ्या म्हणजे?"

"तुझी ती खोली तुम्हा परीक्षेवाल्यांसाठीच हाये न. एक गेली की दुसरी येते. मागे एकीनं जाऊन सांगितलं, ढोमणेबाईंनी ओळखलं म्हणून. तिचा परवाना गेला आणि मला वरच्या मजल्यावर धाडलं, म्हणे गुपित फुटते. वर सगळ्या अंथरुणाला खिळलेल्या. पावसाळाभर भिंतीशी बोलले. मग पाय घसरल्याचं निमित्त केलं, तेव्हा खाली आणलं." त्यांनी आपला कप तिच्या कपाशेजारी सरकवला. "आठवडाभराची असली तरी शेजारीण हाये. तेवढी राहू दे."

दुसऱ्या दिवशी भाची म्हणून परीक्षक बोरकर मॅडम तिला न्यायला आल्या. कुमुदिनीबाई व्हरांड्यातच बसून होत्या. निरोपाला त्यांनी हात केला नाही. शेजारच्या खोलीतली चादर बदलली जात होती, तिकडे त्या पाहत होत्या.

गाडीत बसल्यावर मॅडमनी हेमांगीच्या कानांतले मणी काढले. एकदम पाखरांचा, पंख्याचा, कुठल्याशा भांड्याचा आवाज आत आला.

"छान झालं सगळं," मॅडम म्हणाल्या. "फक्त एक विचारायचं राहिलं. तुम्हाला कोणी ओळखलं का?"

हेमांगीने गालावरची सुरकुती नखाने उचलली. खालची कातडी ओली होती.

"हेमांगी?"

नाही म्हटलं, तर त्या खोलीत आणखी एक बाई येणार होती आणि आठवड्याने जाणार होती. हो म्हटलं, तर पुन्हा वरच्या मजल्यावर धाडलेल्या कुमुदिनीबाईंजवळ कोणीच येणार नव्हतं, आणि फलटणच्या दाराला कुलूप लागणार होतं. निवास ज्याच्या हाती सोपवावा, अशा माणसाचं उत्तर यातलं कोणतं होतं?