प्रेस सुरू कुणी केली?

निरीक्षकबाई कारखान्यात पोचल्या तेव्हा पत्रा दाबायची प्रेस बंद होती आणि ती चालवणारी ताई भिंतीला टेकून बसली होती. सकाळी तिच्या धाकट्या भावाची दोन बोटं प्रेसखाली गेली होती. प्रेसचं दार उघडून तो अडकलेला पत्रा काढत होता.

"बटण तू दाबलंस?"

"नाही, बाई. दार उघडलं की ही आपोआप थांबते, लावलं की आपोआप चालू होते. मी बटणाला हातच लावला नव्हता."

"भाऊ काय म्हणतो?"

"मीच दाबलं म्हणतो. सगळेच म्हणतात."

ती रडत होती. रडणाऱ्यांवर बाईंचा चटकन विश्वास बसत नसे.

मशीनचे प्रोग्राम लिहिणारा प्रोग्रामवाला लॅपटॉप घेऊन स्वतःच पुढे आला. "प्रेसच्या प्रोग्रामच्या फाइलला मी आज हात लावलेला नाही. बघा."

बाईंनी पाहिलं. खरंच होतं. पण न विचारता एवढं खरं बोलणारा माणूस पाहून त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"मग करत काय होतास?"

"पॅकिंगची फाइल बघत होतो. प्रेसचं दार उघडलं की पॅकिंगचं मशीनही थांबतं, माल तुंबतो, साहेब माझ्यावर ओरडतात. ते थांबू नये असं करायचं होतं."

"जमलं?"

"नाही. नाद सोडला. आणि त्याचा प्रेसशी काय संबंध?"

पॅकिंगवरच्या मावशींना मात्र वेगळंच आठवत होतं. "दार उघडलं तसं आमचं मशीन थांबलं. मग दार उघडंच, तरी हे चालू. म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय. तेवढ्यात पोराची किंकाळी आली."

"आणि आता?"

"आता पुन्हा थांबतंय, पहिल्यासारखं."

बाईंनी लॅपटॉपवर दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून पाहिल्या. त्या वायरमनच्या कानात काहीतरी बोलल्या. मग सगळ्यांना प्रेसपाशी बोलावलं आणि तिचं दार उघडलं.

"सकाळी पॅकिंगच्या फाइलमध्ये लिहिलीस ती ओळ पुन्हा लिही," त्या प्रोग्रामवाल्याला म्हणाल्या. "ती मशीनला मी पाठवते. तू प्रेसमध्ये हात घाल."

तो मागे सरकला.

"का रे? संबंध नाही ना?"

त्यानं लॅपटॉप मिटला.

"'दार बंद' हे लेबल, म्हणजे दार बंद आहे की नाही याची नोंद, दोन्ही फाइलींत सामायिक आहे," बाई म्हणाल्या. "प्रेस तेच वाचते, पॅकिंगही तेच. यानं आपल्या फाइलपुरतं वेगळं लेबल करायचं, तर सामायिक लेबलातच लिहून टाकलं की दार बंद आहे. लिहिलं पॅकिंगच्या फाइलमध्ये, पण खरं मानलं दोन्ही मशीननी. पॅकिंग चालू झालं, तशी प्रेसही. चूक कुणाच्याही हातून होते. पण किंकाळी ऐकून यानं ती ओळ पुसली आणि सगळं खापर या पोरीच्या डोक्यावर फुटू दिलं."

प्रोग्रामवाला मटकन खाली बसला. "नोकरी गेली असती, बाई."

"प्रेसची वीज मी आधीच काढायला लावली होती," बाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला काही झालं नसतं."

ताई उठून जवळ आली. "बाई, दवाखान्यात येऊन हे माझ्या भावाला सांगाल? माझ्याकडे तो बघतसुद्धा नाही."

बाईंनी प्रोग्रामवाल्याला दंडाला धरून उभं केलं.

"मी कशाला? हा सांगेल."