जुन्या पासवर्डनं उघडलेला लॅपटॉप

लॅपटॉपनं ज्ञानदाला ओळखलं नाही.

तिनं पासवर्ड टाकला. चुकला. एकेक अक्षर बघून सावकाश परत टाकला. परत चुकला. मागं फौजदार संयोगिता घोरपडे हाताची घडी घालून उभी होती आणि ही पोरगी मुद्दाम घोळ घालतेय, असा तिला दाट संशय येत होता.

“रोजचाच आहे मॅडम. दिवाळीनंतर मीच बदलला होता.”

“मग?”

“घेतच नाही.”

शेवटी वैतागून ज्ञानदानं दिवाळीआधीचा, टाकून दिलेला पासवर्ड मारला. लॅपटॉप निमूट उघडला. ज्ञानदाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

“हे माझंच आहे, पण जुनं. दसऱ्याच्या वेळचं. त्यानंतरची एकही ऑर्डर इथं नाही.”

“आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग?”

“तेही नाही. याच्यात एकच ड्राइव्ह आहे. सगळं त्यातच असायचं.”

संयोगितानं दातओठ खाल्ले.

कडेगावच्या शिवारातलं हे भाऊसोंचं गुऱ्हाळ. परवा दिवस मावळताना इथल्या फाटकात उसाची ट्रॉली मागं आली आणि हरी नावाचा म्हातारा राखणदार खांबाशी चेंगरून मेला. ट्रॅक्टर चालवायचा गुंडा नावाचा गडी, म्हणून गावानं गुंडाला बदडून पोलिसांच्या हवाली केलं. तो पहिल्यापासून एकच सांगत होता, मी मागं भाकरी खात होतो, चावी ट्रॅक्टरलाच होती. ऐकतंय कोण? संयोगिता तेव्हा बंदोबस्तावर होती. ती येईपर्यंत हवालदारानं ‘आरोपी सापडला की’ म्हणत फाटकावरच्या कॅमेऱ्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. गुऱ्हाळाचं ऑफिस सांभाळणारी ज्ञानदा वाईला सुट्टीवर गेली होती, ती आज उगवली. उद्या गुंडाची पोलीस कोठडी संपणार आणि त्याला परत कोर्टापुढं उभं करायचं. रेकॉर्डिंग मिळालं नाही तर तो आत सडणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

“हे असं आपोआप होतं?” संयोगितानं विचारलं.

“नाही. दसऱ्याआधी सांगलीच्या मुकुलनं पूर्ण लॅपटॉपचा बॅकअप घेऊन ठेवला होता. कोणीतरी तो परत चढवलाय. म्हणजे मधलं सगळं पुसलं गेलं.”

“बॅकअप कुठं असतो?”

“काळ्या डिस्कमध्ये. लॅपटॉप चालू करायच्या पेनड्राइव्हसकट या खणात.”

खणात पेनड्राइव्ह होता. डिस्क नव्हती.

“झालं का न्हाई तुमचं?” दारातून दणकट आवाज आला. भाऊसो. कडक इस्त्रीचं धोतर, पिळदार मिशी. त्यांच्या मागं त्यांचा मुलगा जयराज होता. तो सैन्यात भरती झाला होता आणि महिनाअखेरीस ट्रेनिंगला निघणार होता.

“भाऊसो, तुमच्या लॅपटॉपमधलं रेकॉर्डिंग कोणीतरी उडवलंय.”

“मला काय सांगताय? ते डबडं चालूबी करता येत न्हाई मला.”

“कोणाला येतं?”

“हिला. पोराला. आन् त्या सांगलीच्या मुकुलला. त्येला धरा. त्येचंच काम हाय ते.”

“तो का करेल?”

“त्ये तुमी हुडका. पगार कशाचा घेता?”

संयोगिता रागानं लाल झाली आणि भिंतीकडं बघायला लागली. भाऊसोंच्या डोक्यावर भिंतीला त्यांचाच तरुणपणीचा फोटो होता. अंगात वर्दी, कानाला हेडफोन, समोर बिनतारी संदेशाचं यंत्र.

“बघताय काय? सुभेदार हुतो. बाईमाणसाच्या हुकमाची सवय न्हाई मला.”

“सवय होईल,” संयोगिता म्हणाली. “हरी मेला तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“काहिलीपाशी. गूळ उतरत हुता.”

“जयराज, तू?”

“घरी.” जयराज लॅपटॉपच्या झाकणावर वाळलेलं कुंकू नखानं खरवडत होता. “झोपलो होतो. साक्षीदार कोणी नाही. लिहून घ्या. गुंडाला बदडून झालं, आता गाव माझ्याही नावानं कुजबुजतंय की.”

“हात काढ!” भाऊसो एवढ्यानं ओरडले की ज्ञानदा दचकली. “खंडेनवमीला पूजलेलं हाय त्ये. कितींदा सांगायचं?”

जयराजनं छद्मी हसून हात मागं घेतला.

ज्ञानदानं हळूच सांगितलं, “यांच्याकडं खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजतात, मॅडम. कोयते, ट्रॅक्टर, तराजू, लॅपटॉप. त्या डिस्कलासुद्धा मीच हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. एकदा लावलेलं पुसायचं नाही, असा भाऊसोंचा दंडक आहे.”

“बरं. हे पुसायचं काम करायला वेळ किती लागत असेल?” संयोगितानं सहज हवेत प्रश्न सोडला.

“आता येवढं उतरवून घ्यायचं, मग जुनं चढवायचं, म्हंजे जेवाण हून जातंय की,” भाऊसो म्हणाले आणि घड्याळाकडं बघायला लागले. “म्हंजे, आसं म्हनत्यात.”

तेवढ्यात बाहेरून हवालदाराची हाक आली. ऊस गाळून उरलेल्या चिपाडांच्या ढिगात त्याला एक काळी डिस्क सापडली होती. कोणीतरी हातोड्यानं तिचा पार चेंदामेंदा केला होता. खडबडीत पाठीचा तुकडा तेवढा धड राहिला होता. संयोगितानं तो उलटसुलट करून बघितला. थोडी धूळ होती, बाकी काही नाही. ढिगाच्या पलीकडं काहिलीखालचं चुलवाण धडधडून पेटलं होतं. त्यात एका वेळी आख्खा बैल जळला असता.

“मिळाली न्हवं?” भाऊसो मागून म्हणाले. “आता जावा सांगलीला.”

संयोगिता खरंच सांगलीला गेली.

मुकुल दुकानातच होता. पोलिसांची गाडी बघून तो आधी घाबरला आणि मग चिडला.

“मला गोवायचा विचार दिसतोय. परवापासून मी दुकानाबाहेर पडलेलो नाही. समोरच्या मेडिकलचा कॅमेरा बघा, माझ्या दुकानाचं दार त्यात दिसतं.”

“बघितला. म्हणून तर शांतपणे बोलतेय. गुऱ्हाळावरची डिस्क कोणीतरी फोडलीय, लॅपटॉपवर जुना बॅकअप चढवून. तो बॅकअप परत चढवणं अवघड आहे?”

“शिकवलं तर नाही. गुऱ्हाळावर बसून मी शिकवलं होतं.”

“कोणाला?”

“ज्ञानदाला आणि जयराजला. जयराजचं लक्ष मोबाईलमध्ये होतं.”

“आणखी कोण होतं तिथं?”

“भाऊसो होते बाजेवर चहा पीत. त्यांना काय कळणार त्यातलं?”

संयोगितानं खुर्ची पुढं ओढली.

“चढवायला वेळ फार लागतो?”

“चढवायला तसा नाही. वेळ जातो आधी उतरवून घ्यायला.”

“आधी काय उतरवायचं? जुना बॅकअप तर डिस्कमध्ये असतोच.”

“अहो मॅडम, जुनं चढवायच्या आधी आत्ताचं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं असतं. चढवताना मध्येच लाइट गेली, काही बिघडलं, तर लॅपटॉपचा दगड होतो. मी त्यांना दहादा बजावलं होतं, उतरवल्याशिवाय चढवायचं नाही.”

“आणि ते उतरवलेलं कुठं जातं?”

“त्याच डिस्कमध्ये. जुन्याच्या शेजारी. भरपूर जागा आहे.”

“म्हणजे परवाचं रेकॉर्डिंगसुद्धा?”

मुकुलचं तोंड उघडं राहिलं. “पण ती डिस्क तर फोडली म्हणता.”

“दुकान बंद कर,” संयोगिता म्हणाली. “आणि तुझा लॅपटॉप घे.”

परतताना कडेगाव ठाण्यातून तिला फोन आला. वरून निरोप होता, भाऊसो मोठा माणूस आहे, जपून. संयोगितानं ‘हो सर’ म्हटलं आणि गाडी सरळ भाऊसोंच्या घरापुढं उभी केली.

घराच्या पुढच्या सोप्यात तिनं सगळ्यांना बसवलं. भाऊसो खुर्चीत, जयराज खांबाला टेकून, ज्ञानदा आणि मुकुल अंग चोरून सतरंजीवर. पाणी कोणी विचारलं नाही.

“लौकर बोला,” भाऊसो म्हणाले. “बदलीची आर्डर निगायला येळ लागत न्हाई.”

“निघू दे. सातारा काय, सांगली काय, चोर सगळीकडं आहेत.” संयोगितानं फुटक्या डिस्कचा तुकडा सगळ्यांपुढं धरला. “ही डिस्क कोणी फोडली, यावर आपण सगळे भांडत बसलो. ही डिस्क कोणती, हे कोणी विचारलंच नाही. ज्ञानदा, तू हळदीकुंकू कुठं लावलं होतंस?”

“इथंच. पाठीवर.” ज्ञानदा पुढं वाकली. “पण इथं काहीच नाही. एवढ्या खडबडीत प्लास्टिकमधून कुंकू असं साफ निघत नाही.”

“निघत नाही. ही डिस्क नवी आहे. फक्त फोडण्यासाठी आणलेली. आणि ज्याला वस्तू खरोखर नाहीशी करायची असते, तो पेटलेलं चुलवाण शेजारी असताना ती चिपाडात टाकेल? ही आम्हाला सापडावी म्हणूनच टाकली होती. मग खरी कुठं आहे? आणि ती का फोडली नाही?”

तिनं एकेकाकडं बघितलं.

“मुकुल सांगलीत होता. ज्ञानदा वाईत होती. राहिला जयराज. मला सकाळपासून जयराजवरच संशय होता. भरती झालेला पोरगा, पोलीस केस झाली तर नोकरी गेलीच. पण जयराज असता तर त्यानं खरीच डिस्क फोडली असती. ज्या पोराला पूजेचं कुंकू नखानं खरवडताना काही वाटत नाही, तो त्याच डिस्कवर हातोडा घालायला कशाला कचरेल?”

जयराजनं मान वर केली आणि हळूहळू बापाकडं बघितलं.

“ज्याला लॅपटॉप चालू करता येत नाही,” संयोगिता पुढं म्हणाली, “त्यानं मला सांगितलं की आधी उतरवायचं, मग चढवायचं. मला तर फक्त पुसणं ठाऊक होतं. सैन्यात सिग्नलच्या यंत्रांवर आयुष्य घालवलेला माणूस चहा पिता पिता दुसऱ्याचं शिकवणं ऐकून शिकला. आणि शिकला ते शिस्तीत. उतरवल्याशिवाय चढवायचं नाही. भाऊसो, तुम्ही उतरवलंत. त्या उतरवलेल्यात तुम्हीच आहात. ती डिस्क नष्ट करायची होती, पण खंडेनवमीला पूजलेलं हत्यार तुमच्या हातानं फुटेना.”

“पुरावा?” भाऊसोंचा आवाज बसला होता.

“पूजलेली वस्तू तुम्ही आणखी कुठं ठेवणार? देवघर उघडा.”

“बूट घालून माझ्या देवघरात...”

“काढते.” संयोगितानं खरंच बूट काढले.

देवघरात देवांच्या टाकांच्या मागं, लाल फडक्यात डिस्क होती. पाठीवर हळदीकुंकवाची बोटं ठळक होती.

“आवसंला कृष्णंत सोडनार हुतो,” भाऊसो जमिनीकडं बघत म्हणाले. “पूजंचं पान्यातच सोडायचं असतंय.”

मुकुलनं डिस्क जोडली. बऱ्याच वेळानं पडद्यावर फाटक दिसलं. फाटकात ट्रॅक्टर अडून उभा होता आणि हरीशिवाय आसपास कोणी नव्हतं. भाऊसो हातवारे करत आले, रागारागानं स्वतःच ट्रॅक्टरवर चढले आणि मागं न बघता ट्रॉली रेटली. हरी हात वर करून काहीतरी ओरडत होता. मग तो दिसेनासा झाला. भाऊसो खाली उतरले, वाकून बघितलं, आणि ट्रॅक्टरपासून चार पावलं लांब जाऊन त्यांनी तोंडाला हात लावून हाक मारली. आवाज नव्हता, पण कोणाच्या नावानं हाक मारली ते सगळ्यांना कळलं. भाकरीचा तुकडा हातात घेऊन गुंडा धावत आला.

“चूक झाली म्हनून सांगितलं असतं तर अपघात हुता,” जयराज म्हणाला. “तुमचा त्यो फोटू बघून मी भरतीला उभा राहिलो, आबा.”

हवालदारानं दंडाला धरलं तेव्हा भाऊसोंनी हिसडाही मारला नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टातून गुंडा सुटला आणि कागदांवर सही करायला ठाण्यात आला. ठाण्याच्या पायरीवर त्याची बायको शालूबाई वाट बघत होती. संयोगिता हसतमुखानं बाहेर आली. दोन चांगले शब्द ऐकायला मिळतील अशी तिची अपेक्षा होती, नाही असं नाही.

शालूबाईनं नवऱ्याच्या सुजलेल्या तोंडावरून हात फिरवला आणि मग फौजदारीणबाईकडं वळली.

“आवं, त्ये मशिनीतलं पुसल्यालं तुमी मागं आणलंसा म्हणं?”

“हो. आणलं.”

“मग माझ्या पोरीला साळंत समद्यांनी खुन्याची पोर म्हटलंय. आळीतल्या एका बाईनं हापशावर पानी भरू दिलं न्हाई. ह्येच्या तोंडावर बुक्क्या मारल्या त्यात माझा सख्खा दीर हुता. त्ये पुसून पयल्यासारकं करायचं मशीन हाय का तुमच्याकडं?”

संयोगिताच्या तोंडावर अजून मघाचंच हसू होतं. तिला लाज वाटली, आणि ती लाज लपवताही आली नाही.

“न्हाई न्हवं?” शालूबाई म्हणाली. “मग कशाला हसताय आमच्याकडं बघून? चला वो.”

गुंडा लंगडत तिच्या मागून निघाला. ठाण्याच्या फाटकापाशी त्याला मारणाऱ्या गर्दीतलेच गावातले दोघं भेटले, त्यांनी ओळखीचं हसून हात वर केला. गुंडानं त्यांच्याकडं बघितलं आणि तो तसाच पुढं गेला.