खुर्चीवर बसून वाजवणारा

सायकलची चेन पडली ती नेमकी रुआबांध्याच्या तळ्यापाशी, आणि रंभा रामटेके भडकली. तशी ती सकाळपासूनच भडकलेली होती. दुसरीच्या वर्गात सत्तर पोरं, फळा एकच, त्याचाही एक पाय मोडलेला. वर एकसष्ट सालचा तो मार्च, भिलाईच्या स्टील प्लँटकडून येणारा लाल धुरळा आणि आता ही चेन!

तेवढ्यात तळ्याकाठून एक आवाज आला. घोगरा, जाडसर, मध्येच हळवा होणारा... असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. फुललेल्या पळसाखाली एक तरुण दगडावर बसला होता. अंगात प्लँटची खाकी, ओठांत वाकडं पितळी वाद्य, आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींना तो ते अगदी मनापासून ऐकवत होता.

"कोणी मेलं काय?" रंभाने विचारलं.

तो थांबला. कॅरियरवरचा वह्यांचा गठ्ठा पाहून त्याने तिची नोकरी ओळखली असावी. "नाही, बाई. प्रेमाचं गाणं होतं."

"म्हशींसाठी?"

"त्या मधातून उठून जात नाहीत. तुमी थांबता काय?"

"चेन पडली म्हणून थांबली मी! गाणं ऐकाले नाही. बसवून द्या."

"देल्ली असती. पण हाताले ग्रीस लागलं त याच्या चाव्या चिकटतेत. मी सायकल धरतो... तुमी बसवा."

"वा रे वा! माणूस धडधाकट, अन चेन बाईनं बसवायची!"

पण बसवली तिनेच. तो सायकल धरून उभा राहिला, आणि हसू दाबल्याने त्याच्या गालाला खळी पडली. ती खळी रंभाला दिसली, याचाही तिला राग आला.

नाव देवीदास गजभिये, गाव पवनीकडचं, ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर क्रेन चालवतो. शनिवारी रशियन साहेबांच्या क्लबात बँड असतो, त्यात हा सॅक्सोफोन वाजवतो. या संगीताला जाझ म्हणतात. एवढं ऐकलं आणि रंभाचे ग्रीसने काळे झालेले हात जागीच थांबले.

"गजभिये? म्हंजे तुमी आमच्यातलेच? अन बँडमधे वाजवता?"

"हो."

"लाज नाही वाटत? माह्या बाबानं छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली, अन गावी येऊन पिढ्यांचं डफडं वैनगंगेत सोडलं. आता कोणाच्या दारात उभं राहून वाजवाचं नाही, कोणाच्या वरातीपुढं चालाचं नाही. उरलंसुरलं पदरात घ्याचं नाही. हे सारं कावून केलं त्यायनं? तुमी पुन्हा पितळेचं डफडं गळ्यात घालाले म्हणून?"

देवीदास वाकून कॅरियरवरचा वह्यांचा गठ्ठा नीट बसवू लागला. त्याने ती आणखी चिडली, धाडकन सायकलवर बसली आणि निघून गेली. घरी वह्यांचा गठ्ठा सोडला, तर वर एक घडी केलेला कागद. क्रेनच्या शिफ्टची जुनी स्लिप होती, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं:

*आजा उभा राहून वाजवत गेला,*
*बाप उभा राहून वाजवत गेला.*
*मी चाललो नाही तरी माझे पाय दुखतात.*
*मी बसतो आता.*
*उभा राहील तो सूर.*

दुसऱ्या दिवशी चेन शाबूत होती. तरी रंभा तळ्यापाशी उतरली.

"पुन्हा पडली काय?"

"नाही. तुमचा कागद तुमाले वापस द्याले आली."

"वाचला?"

"...दोनदा." आणि मग, हे कबूल करावं लागल्याच्या रागात, "बसतो म्हंजे काय? नीट सांगा."

त्याने सांगितलं. नागपूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, रेल्वेवाल्यांच्या क्लबात, तो पोरवयात फरशा पुसायचा. तिथे बँडमध्ये वाजवणारा एक म्हातारा अँग्लो-इंडियन गार्ड होता. त्याने पोराचा कान ओळखला, खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, आधी बस. देवीदास तोवर कोणाच्याही समोर खुर्चीवर बसला नव्हता. वाजवायला तो नंतर शिकला, बसायला आधी. विलायतेला जाताना गार्डाने सॅक्सोफोन त्याच्याच हवाली केला.

"माही अट एकच आहे, बाई. खुर्ची असन त वाजवीन. क्लबात आमाले मंचावर खुर्च्या आहेत. एकट्यानं वाजवाची पाळी आली की उभा होतो... पण ते मी माह्या मनानं. कोणी उभं केलं म्हणून नाही."

रंभाने हातातला कागद पुन्हा उलगडला. "अक्षर लय वाईट आहे तुमचं," ती म्हणाली.

"मंग शिकवा."

झालं! देवीदासची पहाटेची शिफ्ट असली की दुपारी पळसाखाली शिकवणी भरू लागली. अक्षर तसूभर सुधारलं नाही. कविता मात्र वाढत गेल्या. कधी वह्यांत, कधी सायकलच्या सीटखाली. एकदा त्याने लिहिलं:

*क्रेनवरून सारी भिलाई दिसते,*
*फक्त तुझी शाळा धुराड्यामागे लपते.*
*एक धुराडं हलवावं म्हणतो...*
*अर्ज कोणाच्या नावे करू?*

"कामावर असं करून राहिले तुमी?" रंभा कडाडली. "खाली माणसं असतेत! डोळे कामावर ठेवा!" आणि घरी जाऊन ती स्लिप तिने पातळाच्या घडीत ठेवली.

एप्रिलच्या शेवटी कलकत्त्याहून पत्र आलं. एका मोठ्या हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात जागा होती, एक जूनला हजर व्हायचं. देवीदासने पत्र तिच्या हातात दिलं आणि तळ्याकडे पाहत राहिला.

"येता काय, बाई... कलकत्त्याले?"

"कायले?"

"टाळ्या वाजवाले. इथल्या म्हशी वाजवत नाहीत."

रंभाने पत्राची घडी घालून त्याच्या हातात परत दिली. "असं विचारतेत काय? माह्या बाबाले विचारा!"

पण बाबांना विचारणं म्हणजे फर्नेसमध्ये हात घालणं. मारोतराव प्लँटमध्ये रिगर होते, जड यंत्रं दोरखंडांनी उचलून बसवणारे. घरात खुर्ची एकच, सागवानी, हातांची, पहिल्या पगारातून घेतलेली. बाबासाहेबांच्या फोटोखाली तिच्यावर बसून ते रोज पेपर वाचत. दुसरं कोणी तिच्यावर बसत नसे. रंभाची आई गयाबाई झाडतानासुद्धा ती हलवत नसत, तिच्याभोवतीने झाडत.

शेवटी रंभानेच विषय काढला, आणि त्याच खुर्चीतून त्यांनी निकाल दिला. "वाजंत्र्याले माही पोरगी देणार नाही."

"तो क्रेन ऑपरेटर आहे, बाबा!"

"क्रेन सोडूनच चालला न तो? पक्की नोकरी लाथाडून वाजवाले चालला! आमी कायच्यातून बाहेर आलो हे विसरला तो. त्याले माह्या दारात पाय ठेवाले नोको सांगू."

"एकदा ऐकून त घ्या!"

"वाजवणं लय ऐकलं मी. केलंबी लय."

रंभा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, पण आदळआपट करत. बाप चुकतोय म्हणावं, तर त्याचा राग तिच्याच रक्तातला होता. बरोबर आहे म्हणावं, तर पळसाखालची ती खळी... काय करावं माणसाने?

मे महिन्यात बाबुलाल कंत्राटदाराच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. धाकटी रंभाच्या वर्गात होती, म्हणून सगळ्या शिक्षिकांना आमंत्रण. मांडवात संध्याकाळी संगीत होतं आणि त्यासाठी क्लबातला बँड ठरला होता. मंच, पाच खुर्च्या, असं बोलणं पक्कं झालेलं. रंभा उन्हं कलताना पोचली, तर मंच रिकामा. खुर्च्या पाहुण्यांकडे गेल्या होत्या, आणि बँडवाल्यांना फाटकाबाहेर उभं केलं होतं. वरात येत होती. तिच्यापुढे चालत वाजवायचं, असा नवा हुकूम निघाला होता. चौघांनी माना खाली घालून वाद्यं उचलली. देवीदासने आपलं वाद्य पेटीत ठेवलं.

"क्यों भई, मुहूर्त निकल रहा है!" बाबुलाल ओरडला.

"शेठ, मंच पे कुर्सी की बात हुई थी."

"बजाने वाले खड़े ही बजाते हैं. तेरे बाप-दादा ने कभी कुर्सी माँगी थी?"

दोन-चार पाहुणे हसले. देवीदासचा चेहरा पांढरा पडला, पण तो हलला नाही. आणि रंभा? ती शिक्षिकांच्या रांगेत बसली होती. तिने आपल्या बुडाखालची खुर्ची उचलली, शिक्षिका हां हां म्हणत असताना सगळ्या मांडवातून ती डोक्यावर धरून नेली आणि फाटकात दाणकन ठेवली.

"हे घ्या! बसा! पाहू कोण उठवते!"

देवीदासने खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे डोळे भरून आले होते.

"ही तुमची खुर्ची आहे, बाई," तो हलकेच म्हणाला. "शेठनं द्याले पाहिजे होती. इथं नाही वाजवत मी."

तो पेटी उचलून चालू लागला. रंभा मागे वळली. "साठ पाहुण्याले खुर्च्या आहेत, शेठ, अन पाच माणसाले नाही? ठेवा तुमचं जेवण तुमालेच!" तिच्या मराठीतलं बाबुलालला किती कळलं कोण जाणे, पण सूर कळला. ती देवीदासच्या बरोबरीने, भर रस्त्याने, सगळ्यांदेखत चालत गेली.

बातमी तिच्याआधी क्वार्टरवर पोचली होती. रामटेक्यांची पोरगी बँडवाल्यासंगं निघून गेली म्हणे! मारोतराव खुर्चीत ताठ बसले होते.

"बोल."

ती बोलली. थरथरत, रडत, ओरडत बोलली. बाबुलाल काय म्हणाला तेही शब्दन् शब्द सांगितलं. "बापजाद्यावरून बोलला तो, बाबा! तुमच्यावरून बोलला!"

मारोतरावांच्या कपाळाची शीर उडू लागली. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मंग? वाजवलं काय त्यानं?"

"नाही. एक सूर नाही."

"वरात त्याच्याबिगर गेली?"

"त्याच्याबिगर गेली."

गयाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो मारोतरावांनी तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "रविवारी सकाळी बोलाव त्याले. पेटी घेऊन ये म्हणा."

रविवारी देवीदास इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्याशी उभा राहिला. मारोतराव उठले. आपली खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि खोलीच्या मधोमध ठेवली.

"बस."

देवीदास कडेवर टेकला.

"असा नाही. पाठ टेकून बस."

तो बसला. गयाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग ते पळसाखालचं गाणं सुरू झालं, म्हशींनी ऐकलेलं, आणि खिडकीशी शेजाऱ्यांची डोकी जमली. मारोतराव खाटेवर बसून ऐकत होते, चेहरा दगडाचा. अचानक त्यांनी हात वर केला.

"थांब. तिसऱ्या ठोक्याले मागं पडून राहिला तू."

"ते मुद्दाम आहे, काका," देवीदास म्हणाला. "जाझमधे सूर थोडा उशिरा येते. वाट पाहाले लावून."

"मुद्दाम?" मारोतरावांच्या भुवया आक्रसल्या. त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी पुढे ओढली. पाच वर्षं कशावरही न पडलेली त्यांची बोटं पत्र्यावर एकदा पडली, थांबली, पुन्हा पडली... आणि तिसऱ्या ठोक्याला मुद्दाम, थोडी उशिरा. "हां! मंग आधी सांगाचं न. वाजव पुन्हा. मी धरतो."

दोघं वाजवू लागले. एक सागवानी खुर्चीवर, एक स्वतःच्या खाटेवर. रंभा दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती, आणि एवढं सगळं चांगलं होत असतानाही तिला राग आलाच.

"अन मी काय उभीच राहू?"

सॅक्सोफोन थांबला. ती खळी पुन्हा पडली. "रंभा..." आजवर त्याने तिला फक्त बाई म्हटलं होतं. "कलकत्त्याले चल. पहिल्या रांगेत तुयासाठी एक खुर्ची ठेवाले सांगतो."

रंभाने बापाकडे पाहिलं. मारोतराव पत्र्याच्या पेटीवर ताल धरून बसले होते, मान खाली, ऐकलंच नाही असं दाखवत.

"एक नाही, दोन सांगा," ती म्हणाली. "बाबा आले त उभं राहून ऐकतीन काय?"